चौदाच्या आधी पंधरा

मित्रांनो, आकड्यांच्या कोड्याचा मी एक जुना लाकडी पट आहे. माझ्या पोटात एक ते पंधरा आकड्यांच्या सोंगट्या आहेत आणि एक घर रिकामं. सोंगट्या सरकवत आकडे ओळीने लावायचे, कोपऱ्यातलं शेवटचं घर मोकळं ठेवायचं, की मी सुटलो.

एका सुताराने मला घडवलं आणि मी एका घड्याळजींच्या घरी आलो. तरुणपणी ते मला चहा निवायच्या आत सोडवत आणि मिशीतल्या मिशीत हसत. पुढे त्यांना विसर पडू लागला. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर! मग रोज सकाळी ते मला घेऊन बसू लागले. मी सुटलो की सुनेला हाक मारत, "सूनबाई, डोकं अजून ठिकाणावर आहे! निघालो दुकानात." ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी दुकान बंद, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

एकदा माझ्यावर चहा सांडला. सूनबाईंनी मायेने सोंगट्या काढल्या, धुतल्या, पुसल्या आणि हाताला येतील तशा परत बसवल्या. "नाहीतरी विस्कटलेलंच असतं हे," त्या म्हणाल्या. तिथेच घात झाला.

प्रत्येक सरकवणं म्हणजे एका सोंगटीची आणि रिकाम्या घराची अदलाबदल. रिकामं घर कोपऱ्यातून निघून कोपऱ्यात परतायचं, तर जितकं डावीकडे तितकंच उजवीकडे आणि जितकं वर तितकंच खाली जावं लागतं. म्हणून अदलाबदली नेहमी सम भरतात. दोनच सोंगट्या उलट राहिल्या तर हवी एक अदलाबदल, आणि एक विषम. कशाही बसवलेल्या मांडण्यांपैकी निम्म्या म्हणूनच जन्मात सुटत नाहीत. मी त्यांतलाच एक झालो होतो.

घड्याळजींनी सगळं लावत आणलं. शेवटी पंधरा आधी, चौदा नंतर. पुन्हा मोडलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. दुपार झाली, चहा तसाच राहिला.

"बाबा, उचलून बदला ना त्या दोन," सूनबाई म्हणाल्या.

"ती लबाडी झाली गं. माझंच डोकं गेलंय."

मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं? त्यांनी दुकानाची किल्ली मुलाच्या हातात दिली. तेव्हापासून ते खिडकीशी नुसते बसून असतात. हाक मारली तरी वळत नाहीत. मी फळीवर धूळ खातो.

मित्रांनो, कुणाचंही कोडं उघडलंत तर सोंगट्या ओळीनेच परत बसवा. आणि या घरी आलात तर मला सोडवत बसू नका. त्या दोन सोंगट्यांची जागा तेवढी बदला आणि घड्याळजींना सांगा, की चूक त्यांची नव्हती. पण लवकर या. काल त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "सूनबाई, हे काय असतं गं?"