निर्लेखित कपाट

चिंचणगावचं सार्वजनिक वाचनालय आणि त्याच्या मागच्या खोलीतलं जुनं दप्तर एका धर्मादाय ट्रस्टकडे सोपवायचं, हा ठराव ग्रामसभेत पाच मिनिटांत मंजूर झाला. पंचायतीच्यानं छपराचे पत्रे बदलणं होत नव्हतं, आणि ट्रस्टवाले तर भिंतींना रंगही देणार होते. सगळ्यांनी हात वर केले. शामकांतनं केला नाही, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती? एकतीस वर्षं तो त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. लोकांच्या लेखी तोही तिथल्या टेबलखुर्च्यांतलाच.

पुस्तकांचं त्याला फारसं वाटलं नाही. त्याचा जीव अडकला होता मागच्या खोलीतल्या एका जाडजूड वहीत. १९२६ ते १९४१ सालांतली गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. सगळी मोडी लिपीत लिहिलेली, आणि प्रत्येक नावापुढे जातीचा रकाना. बौद्ध वस्तीतल्या मुलांना कॉलेजात राखीव जागा घ्यायची तर जात पडताळणी आली, आणि पडताळणी समितीला लागतो १९५० च्या आधीचा पुरावा. पणजोबा शाळेत गेलेला नाही, आजोबा गेलेला नाही, बापाच्या दाखल्यावर नुसतं ‘बौद्ध’. मग उरते ती ही वही. शामकांत मोडी वाचून उतारा करून द्यायचा आणि ग्रामसेवक मूळ नोंद बघून त्यावर सही-शिक्का मारायचा. उतारा घेऊन जाणारा माणूस दारातून वळून पुन्हा एकदा हात जोडायचा. ते शामकांतला फार आवडायचं, खोटं कशाला बोला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भागिरथीबाई आल्या. नात रश्मी नर्सिंगला लागली होती, समितीनं वीस दिवसांची मुदत दिली होती. शामकांतनं त्यांच्या सासऱ्याची १९३४ सालची जन्मनोंद शोधली आणि बसल्या बैठकीला उतारा लिहून काढला. ग्रामसेवक तेवढा ट्रेनिंगला गेला होता. सोमवारी या, सही घेऊन ठेवतो, असं त्यानं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी ट्रस्टची पूजा यादी करायला आली. मुलगी गुणी होती. हातमोजे घालून कागद हाताळायची, उठता-बसता सर म्हणायची. जुनं दप्तर पुण्याला जाणार, तिथं त्याचं स्कॅनिंग होणार, असं तिनं सांगितलं. मध्येच कुणाला उतारा लागला तर काय, असं शामकांतनं विचारलं. अर्ज करायचा, सर, तीन-चार महिन्यांत मिळेल, ती म्हणाली.

मग त्यानं एक शहाणपणा केला. खोलीच्या कोपऱ्यात एक पत्र्याचं कपाट होतं, त्यावर ‘निर्लेखित’ अशी चिठ्ठी. म्हणजे फाटून, भिजून यादीतून काढून टाकलेली पुस्तकं. तपासणीला आलेला एकही साहेब त्या कपाटाला हात लावत नसे. पूजा चहाला गेली तेव्हा त्यानं वही त्या कपाटात तळाशी सरकवली. जे यादीत नाही ते ट्रस्टचं नाही. वही गावातच राहील.

एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही. दर मार्चला तो स्वतःच्या वळणदार अक्षरात वाचनालय समितीचा ठराव लिहायचा, की निर्लेखित साहित्य रद्दीत काढावे. तपासणीला असा ठराव लागतो म्हणून लिहायचा. एकतीस वर्षांत त्या कपाटातला एक कपटाही कुणी हलवला नव्हता, कारण असा ठराव पाळायचा नसतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रस्टच्या माणसांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ठरावांचं बुक वाचलं आणि लिहिलं होतं तसं केलं.

शनिवारी शामकांत बायकोला, अंबिकाला, डोळे दाखवायला नगरला घेऊन गेला होता. सोमवारी येऊन बघतो तर कपाट रिकामं, आतून पुसून लख्ख. किती वर्षं राहिलेलं काम आम्ही दोन तासांत उरकलं, सर, असं पूजा कौतुकानं सांगत होती. तो तसाच मच्छिंद्र भंगारवाल्याकडे पळाला.

“कालच गाडी मिलला गेली, भाऊसाहेब,” मच्छिंद्र म्हणाला. “आता लगदा झाला आसंल त्येचा.”

ग्रामसेवकानं उतारा उलटसुलट करून पाहिला, मूळ वही दाखवा म्हणाला, आणि वही नाही म्हटल्यावर सही करायला साफ नकार दिला. त्याचं तरी काय चुकलं?

दुपारी भागिरथीबाई आल्या. पूजाच्या माणसांनी वही गहाळ केली, असं सांगून टाकावं, हे शामकांतच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंकडे बघून त्याला ते जमलं नाही. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या उभ्यानंच ऐकत राहिल्या.

“ट्रस्टला दिली आसती तर राह्यली आसती का?” त्यांनी विचारलं.

“राहिली असती.”

“म्हंजी यंदा न्हाई तर फुडल्या वर्सी गेली आसती पोरगी.”

शामकांतनं होकारार्थी मान हलवली.

“माझ्या ल्योकानं, बन्सीनं, मागल्या साली वहीचं फोटू मोबाईलवर काढू का म्हनलं हुतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्या पानांचं. तुमी न्हाई म्हनला.”

ते खरं होतं. नियमात बसत नाही, असं त्यानं बन्सीला सांगितलं होतं. तसा नियम कुठंच नव्हता. फोटो निघाले असते तर वस्तीतलं कोण कशाला त्याच्याकडे आलं असतं? एवढंच कारण होतं, आणि ते त्याला आज, रंगाचा वास येणाऱ्या त्या खोलीत, पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

“अजून कुनाकुनाची नावं हुती तिच्यात?”

“सगळ्यांची,” तो म्हणाला. “वस्तीतल्या एकूणएक घराची.”

भागिरथीबाईंनी सही नसलेला तो उतारा घडी करून कनवटीला खोचला. “मग चला,” त्या म्हणाल्या. “मी न्हाई कुनाला सांगायची. तुमी सांगा, सगळ्यांम्होरं.”

शामकांतनं चपला घातल्या. वस्तीच्या रस्त्याला लागल्यावर त्या जरा मागे पडल्या आणि तो फाट्यावर थांबला. एकतीस वर्षं वस्तीच त्याच्याकडे येत आली होती. ओढा ओलांडल्यावर कुठल्या अंगाला वळायचं, हे त्याला भागिरथीबाईंना विचारावं लागलं.