गोमुखाची धार आणि वच्छलाबाईंचे पाय

चिचगडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात त्या दिवशी पाणी खऱ्याला शिवत होतं आणि खोट्याला टाळत होतं. जलसत्यबाबांच्या मंडपात भिंतीतल्या गोमुखातून धार पडायची. समोरच्या फरशीवर उभं राहून माणसाने आपल्यावरचा आळ नाकारायचा. धारेने पाय भिजले, तर माणूस खरा.

"हम नहीं बोलते, पानी बोलता है," बाबा सांगायचे.

सकाळी सरपंच खरे निघाले. मग रेशन दुकानदार खरा निघाला, तिथेच मी कान टवकारले.

सगळ्यांत शेवटी वच्छलाबाईंना उभं केलं. त्यांचा दीर बकाराम याचे दोन बैल मेले होते आणि भावजयीने करणी केली असं त्याचं म्हणणं होतं. धार हातभर अलीकडे पडली.

"आजच गाव सोड," बकाराम म्हणाला. विधवा बाई जाणार कुठे, हे कोणीच विचारलं नाही. मला त्या गप्प माणसांचा संताप आला.

तेवढ्यात माझी बारावीची विद्यार्थिनी रविता पुढे झाली. टाकीला छिद्र पाडून धार किती दूर पडते, हा तिचा भौतिकशास्त्राचा प्रकल्प होता आणि मोजपट्टी पिशवीतच होती.

"बकारामकाका, वरची बांधी भरून असली, तं फुटल्या धुऱ्यातून पाणी कुठं पडते?"

"दूर." बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि धुरा म्हणजे त्याचा बांध; त्यातच जन्म गेलेल्याला हे काय विचारायचं?

"अन् बांधी उतरली का?"

"जवळ. कायले इचारून राहिली?"

"मंग इथं धार काऊन जवळ आली?"

"बेटी, ये गंगा है, बांधी नहीं," बाबा म्हणाले.

रविताने मोजलं. गोमुख एक मीटर उंच, फरशी तीन मीटर दूर.

"आडवी सुटलेली धार खाली पडाले किती वेळ लागते, ते उंचीवरून समजते. तेवढ्या वेळात ती तीन मीटर गेली, म्हंजे वेग समजला. एवढा वेग याले पाणी गोमुखाच्या वर कमीत कमी सव्वादोन मीटर पायजे."

तिने भिंतीवर तेवढ्या उंचीकडे बोट रोखलं. तिथे लाल पडदा होता. बकारामनेच शिडी लावली. पडद्यामागे मचाणावर टाकी निघाली, अर्धी रिकामी. टाकीतलं पाणी उतरत गेलं, तसतसं गावाचं चारित्र्यही खालावत गेलं होतं.

बाबांचीच मोटार लावून टाकी भरली. वच्छलाबाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांचे पाय चिंब झाले.

"पानी ने माफ कर दिया," बाबा घाईने म्हणाले.

"माफी कायची? मी काही केलंच नाही," वच्छलाबाई म्हणाल्या.

रविताने बाबांकडे पाहिलंही नाही. "पाय भिजले म्हणून काकी खरी ठरत नाही, अन् कोरडे राह्यले म्हणून खोटी ठरली नोहती. काका, बैल कायनं मेले ते ढोरांच्या डॉक्टरले इचारा."

मी एवढंच म्हणेन: शेतात वापरता ती अक्कल मंडपाबाहेर चपलांसोबत काढून ठेवू नका. तिच्यावाचून एका बाईचं घर जात होतं.

बकाराम मान खाली घालून शिडीपाशी उभा होता. वच्छलाबाई त्याच्यासमोरून ओल्या पायांनी चालत गेल्या, स्वतःच्या घरी.