चांगुणाचा कोरडा हात

त्या गुरुवारी किसनरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं कोथळखेड ओट्यावर, निम्मं भिंतीवर आणि उरलेलं कडुनिंबावर. मधे सतरंजीवर हातपारखी सहदेव महाराज बसले होते. पुढ्यात पितळी तांब्या आणि टोपलंभर सरकी. म्हशीला घालतात तीच, खामगावच्या जिनातून आणलेली, अंगावर पांढरी लव असलेली.

"हात बोलतो," महाराज डोळे मिटून म्हणाले. "माणूस खोटं बोलेल, सातबारा खोटं बोलेल, हात खोटं बोलणार नाही. यश जन्मताना हातात घालूनच पाठवलेलं असतं. ज्याचा हात ओला, त्याची सरकी बुडेल. ज्याचा कोरडा, त्याची तरंगेल. आणि कष्टानं हात ओला होत नसतो, मायबाप. घामानं ओला होतो तो सदरा."

माना डोलल्या. डोलणारच. दोन वर्षं कपाशीनं गावाला रडवलं होतं. आता नवं बीटी बियाणं आलं होतं. पाकीट मुठीएवढं, किंमत मात्र मुठीत न मावणारी. एका खड्ड्यात एकच दाणा टोबायचा. तो वाया गेला की गेला. असं भ्यालेलं गाव कोणाच्या हातून दाणा पडावा हे विचारायला महाराजांकडे गेलं नसतं तरच नवल.

आधी विमलबाई आली. बी टोबणाऱ्या बायांच्या टोळीत सर्वांत धांदरट बाई, पण महाराजांना नारळ तिनंच आणला होता. महाराजांनी तांब्यातलं पाणी एका बोटानं हळूच ढवळलं, काहीतरी पुटपुटले. विमलबाईनं मूठ सोडली. सरकी सरळ तळाला.

"बाप्पा बाप्पा," म्हातारे म्हणाले. विमलबाई आपल्या हाताकडे असं बघू लागली, जणू तो आजच बाजारातून आणलाय.

मग चांगुणा पुढे झाली. चौदा वर्षं ती या टोळीची पुढारी. तिच्या तासात, म्हणजे तिनं टोबलेल्या सरीत, रोपं शाळेच्या पोरांसारखी ओळीनं उभी राहतात, असं लोक म्हणत. मूठ सोडण्याआधी तिनं विचारलं, "महाराज, तुमचा सोताचा हात कसा हाय जी?"

लोक हसले. महाराजही हसले, पण नुसत्या ओठांनी. चेल्यानं तांब्या रिकामा करून नवं पाणी भरलं. महाराजांनी ढवळलं. चांगुणाची सरकी पाण्यावर बदकांसारखी बसून राहिली.

"कोरडा," महाराज कळवळून म्हणाले. "तुझा दोष नाही, बाई. जन्मजात आहे. मंतरलेलं तांब्याचं कडं घाल. तीनएक वर्षांत थोडा ओलावा येईल."

किसनराव वाईट माणूस नव्हता, घाबरलेला माणूस होता. त्यानं ओल्या हाताच्या पाच बायांना टोबायला आपलं वरचं वावर दिलं आणि कोरड्या हाताच्या चौघींना नाल्याकाठचं. "उगवलं की पाहू कोण खरं ते," तो म्हणाला.

नवव्या दिवशी ते दिसलंच. वरचं वावर हिरव्या रेघांनी भरलं होतं. खालच्यात जागोजाग रोपच नव्हतं. नांगेच नांगे, सात वर्षांच्या पोराच्या दातांसारखे. लोक जत्रेला जावं तसे बघायला गेले.

"विमलबाई आता टोळीची पुढारी," किसनरावानं सांगितलं. "चांगुणा, तू यंदा वेचणीलेबी येऊ नको. वाईट वाटून घेऊ नको."

चांगुणाला वाईट वाटलं ते वेगळंच. महाराजांचं बोलणं तिनं एखाद्या वेळी उडवून लावलं असतं. पण नांगे खरे होते, आणि ते तिच्या तासात होते. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. ती येता-जाता आपला तळवा बघू लागली. भाजी अळणी झाली, तर तळवा बघितला. घागर सांडली, तर तळवा बघितला. शेवटी येत्या गुरुवारी महाराज पुन्हा आले की कडं घ्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

बुधवारी सकाळी तिनं म्हशीसाठी दोन बादल्यांत सरकी भिजत घातली. एका बादलीत पाण्यावर पांढरा थर तरंगत राहिला. दुसरीत सगळी सरकी बघता बघता तळाला गेली.

चांगुणा थबकली. सरकी एकाच पोत्यातली. हात एकच, आणि तो कोरडा. दुसऱ्या बादलीत मात्र मघाशी कपडे धुतले होते, आणि ती नीट विसळायची राहिली होती. तिनं पुन्हा करून पाहिलं. तसंच झालं. मग तिला आठवलं: विमलच्या वेळी तांब्याच्या काठाला एक बुडबुडा चिकटला होता. आणि दर हातामागे पाणी बदललं जात होतं.

म्हैस हंबरत राहिली आणि चांगुणा तडक शाळेत गेली. कौसर मॅडम गावात नव्या होत्या आणि पोरांना प्रश्न विचारायला लावतात म्हणून थोड्या बदनामही होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लवेला तेलकट थर असतो, तिच्यात हवा अडकते. म्हणून साध्या पाण्यात सरकी तरंगते," त्या म्हणाल्या. "साबणाचं किंवा रिठ्याचं पाणी थोडं पडलं की लव भिजते, हवा निघते, सरकी बुडते. महाराज दर वेळी त्याच बोटानं ढवळत होते का?"

चांगुणानं आठवून पाहिलं. "विमलच्या टायमाले उजव्या हाताचं. माह्या टायमाले डाव्या."

"झालं तर मग. रिठा उजव्या बोटाला लावलेला होता."

"काय झालं, मॅडम? नांगे काय साबणानं पडले? ते तर खरेच हायत ना."

"चला, उकरूनच पाहू," कौसर मॅडम म्हणाल्या. शाळा सुटल्यावर दोघी खालच्या वावरात गेल्या आणि काडीनं नांगे उकरू लागल्या. दाणा दोन बोटं खोल असायला हवा. कुठं तो पाच बोटं खाली कुजला होता. कुठं वरच पडून वाळला होता. एका ठिकाणी दोन होते, पुढच्या दोन ठिकाणी एकही नाही.

"हे कोणी टोबलं, चांगुणाताई?"

"म्याच." चांगुणानं काडी बाजूला ठेवली. "खरं सांगू? त्या दिवशी म्या वाकलीच नाई. म्हटलं, हातच कोरडा हाय तं कंबर काऊन मोडू? उभ्यानंच दाणा टाकत होती अन् पायानं दाबत होती. मले पाहून बाकीच्या तिघीबी तसंच करू लागल्या."

"आणि विमलबाई?"

"ते? ते तं एकेक दाणा लेकरू झोपवल्यावाणी ठेवून राह्यली होती. पानी प्यालेबी उठली नाई." असं म्हणून चांगुणा हसली. आठवडाभरात पहिल्यांदाच.

गुरुवारी अंगण पुन्हा भरलं. महाराज बसतात न बसतात तोच चांगुणा पाण्याची घागर घेऊन आली.

"महाराज, हातपाय धुवा जी. पाव्हण्यांचा मान असते."

दारी आलेल्या पाहुण्याला हे नाकारता येत नाही. तिनं पाय थोडक्यात आटोपले आणि हातांवर मात्र पाच तांबे ओतले. नखंसुद्धा सोडली नाहीत. मग आपल्या पदरानं पुसले आणि घागरीतल्याच पाण्यानं तांब्या भरून पुढे ठेवला.

"त्या दिवशी इचारलं होतं, तुमचा हात कसा हाय. आज पाहून घेऊ."

माघार घ्यायला वाट नव्हती. महाराजांनी खूप ढवळलं, खूप मंत्र पुटपुटून मूठ सोडली. सरकी तरंगली.

भिंतीवरून युसूफ पानवाला म्हणाला, "च्या मायले, महाराज तं आपल्यातलेच निघाले."

"आज ग्रहमान..." महाराजांनी सुरुवात केली. तेवढ्यात कौसर मॅडमनी रिठ्याचं थोडं पाणी तांब्यात सोडून ढवळलं. तरंगणारी सरकी एक एक करून खाली गेली. अंगणातल्या हशात चेला कडी पिशवीत भरू लागला. तो या धंद्यात जुना असावा.

किसनराव मात्र हसला नाही. "थांबा. तांब्याचं समजलं. पण वरचं वावर उगवलं अन् खालचं नाई उगवलं, ते?"

चांगुणाला गप्प राहता आलं असतं. महाराज तर उघडे पडलेच होते. पण ती पुढे झाली.

"ते म्या केलं, भाऊ. म्या वाकलीच नाई. तुमी विमलले ओली म्हटलं, ते ओल्या हातावाणी राबली. मले कोरडी म्हटलं, म्या कोरड्यावाणी. महाराजाचा साबण फक्त तांब्यात होता. बाकीचं आपणच खरं करून देलं त्याहिले."

विमलबाईचा चेहरा उतरला. "म्हणजे माह्या हातात काईच नाई?"

"लय हाय वं. पण ते त्या तांब्यानं नाई देलं. दिवसभर वाकून तूच आणलं."

उरलेल्या बियाण्यानं नांगे भरायला त्या दोघीच गेल्या. दोघी वाकल्या, दोन बोटं मोजून दाणा ठेवत गेल्या. आठ दिवसांनी खालच्या वावरात रिकाम्या जागा शोधाव्या लागल्या. सात सापडल्या. त्यातल्या तीन ठिकाणी उंदरांच्या खुणा होत्या. उरलेल्या चार जागांचं कारण कोणाला कळलं नाही, आणि ते कळलं नाही असं म्हणायला कोणी लाजलंही नाही.

तांब्या आता कौसर मॅडमच्या वर्गात आहे. "मले गणित येतच नाई, माह्यात ते नाईच," असं कोणी म्हणालं की त्या तो बाहेर काढतात.

सगळे हात सारखे नसतात, हे खरं. पण कोणता हात काय करील, हे हात कामाला लागण्याआधी कोणाला कळत नाही. महाराजाला नाही, मास्तराला नाही, आईबापालाही नाही. तेव्हा कोणी तुमचा हात कोरडा म्हणालं, तर आधी त्याचे हात धुऊन घ्या. आणि मग वाका.