भिंतीकडेची मानाची खुर्ची

मी एक जुनी मानाची खुर्ची आहे, मित्रांनो. सोलापुरातल्या एका कॉलेजात, विद्यार्थी परिषदेच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून मी उभी असते. माझे हात रुंद, पाठ उंच आणि माथ्यावर कोरलेला मोर. थोडी ऐट आहे माझ्यात, ती मी लपवत नाही.

सात रस्ता चौकाजवळच्या एका सुताराने मला सागवानात घडवलं आणि नवी पेठेतून आणलेली लाल मखमल माझ्यावर चढवली. माझ्यावर पैलवान बसले, पुढारी बसले, निवृत्त होणारे गुरुजी बसून चक्क रडले. गळ्यात हार, अंगावर चादर, हातात नारळ, समोर टाळ्या. असे माझे दिवस होते. मग कॉलेजने स्टेजसाठी सोफा घेतला आणि मला या खोलीत आणून टाकलं. पोरं माझ्यावर हेल्मेटं ठेवू लागली. एकाने तर मोरावर ओला टॉवेल वाळत घातला. काय सांगू, जीव नकोसा झाला होता.

पुढे कॉलेजात परदेशातून मुली शिकायला आल्या आणि माझं नशीब पुन्हा उघडलं. त्या चौघी होत्या. एक येमेनची, दोघी टांझानियाच्या आणि त्यांच्यात मोठी इनास, सुदानची. आपलं गाऱ्हाणं परिषदेत मांडायला त्यांनी इनासला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. परिषदेचा अध्यक्ष पृथ्वीराज म्हणजे दिलदार गडी. पहिल्याच बैठकीला त्याने स्वतःच्या रुमालाने मला पुसलं.

"पाहुण्यांना स्टुलावर बसवायचं व्हय? बसा ताई, हितं बसा," तो म्हणाला.

तेव्हापासून दर बैठकीला इनास माझ्यावर बसायची. पहिला चहा तिला, बिस्किटांची बशी आधी तिच्यापुढे. बोलणं मात्र टेबलाभोवती चालायचं आणि टेबल माझ्यापासून चांगलं लांब होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे पाहुण्याला कामाला लावत नाहीत, त्याच्यादेखत घरातली भांडणं काढत नाहीत. मला वाटलं, किती सांभाळतात ही पोरं तिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची ती बैठक मला चांगली आठवते. पृथ्वीराज टेबलावर हात टेकून म्हणाला, "सुट्टीत मुलींचं हॉस्टेल रिकामं करून क्रीडा शिबिराला द्यायचं. सगळ्या घरीच जाणार हायत की. कुणाची हरकत?"

माझ्या हातावरून इनासचा हात वर उचलला गेला. मला तो जाणवला. पृथ्वीराजनेही पाहिला.

"अरे, पाहुण्यांना पाणी पायजे. आन चहा सांगा रे."

पाणी आलं, चहा आला. कप हातात घेऊन ती काही बोलणार तोवर ठराव एकमताने मंजूर झाला होता आणि पोरं शिबिराच्या टी-शर्टच्या रंगावरून भांडत होती. इनास तो चहा प्यायली नाही. माझ्या हातावर तिची नखं रुतली होती.

मित्रांनो, तिचं घर उरलेलं नव्हतं. तिच्या शहरात युद्ध पेटलं होतं आणि आईवडील दुसऱ्या देशात आसऱ्याला गेले होते. परदेशी विद्यार्थ्याचा राहण्याचा पत्ता सरकारदरबारी नोंदलेला असतो. हॉस्टेल सुटलं की पत्ता सुटला आणि पत्ता सुटला की इथे राहून शिकण्याची परवानगीच अडचणीत. चौघींनी शहरात खोली शोधली. घरमालक हसून आत बोलवायचे, सरबत द्यायचे आणि मग सांगायचे की भाडेकरू कालच ठरला. चौघी हॉस्टेलच्या रेक्टर वैजयंती मॅडमकडे गेल्या, तर मॅडम म्हणाल्या, ठराव तुमच्याच परिषदेचा आहे, तुमची प्रतिनिधी तिथे बसलेली होती.

हॉस्टेल बंद व्हायच्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती. खोलीत मात्र गर्दी. पृथ्वीराजने निरोप समारंभ ठेवला होता. त्याला वाटत होतं, पोरी एवढ्या लांब घरी निघाल्यात, मोकळ्या हाताने कशा पाठवायच्या? मला पुसलं, मोराला हार घातला. इनास येऊन बसली. तिची बॅग माझ्या पायाशी आणि बाकीच्या तिघी दाराशी आपापल्या बॅगा धरून उभ्या. त्यांच्यामागे वैजयंती मॅडम किल्ल्यांचा जुडगा घेऊन थांबलेल्या. समारंभ संपला की खोल्यांना कुलूप लागणार होतं. माझी मखमल तिच्या घामाने ओली झाली होती.

पृथ्वीराजने तिच्या खांद्यावर चादर घातली, हातात नारळ दिला. "ही चादर आईला द्या, ताई. सोलापूरची आठवण ऱ्हाईल."

टाळ्या पडल्या. इनासने चादरीवरून हात फिरवला आणि टाळ्या थांबल्यावर ती बोलली. इंग्रजीत नव्हे. मेसमधल्या बसव्वा मावशींच्या शेजारी पोळ्या लाटता लाटता शिकलेल्या मराठीत.

"चादर लई चांगली हाय, दादा. पन ही अंथरू कुटं?"

टाळ्यांसाठी पुन्हा उचललेले हात खाली आले.

"आमी चौघी हितंच ऱ्हाणार व्हतो," ती म्हणाली. "मला घर न्हाय आता. त्या दिवशी मी हात वर केला, तर तुमी मला चहा पाजला."

पृथ्वीराजचं तोंड उतरलं. "मला वाटलं तुमी गावी चाललाय," तो कसंबसं म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

परिषदेची सचिव अक्षता पुढे आली. ती जवळच्या वळसंग गावची, घरात कानडी बोलणारी. "तू माझ्या घरी चल, इनास. आई न्हाय म्हणणार न्हाय."

"जेवायला येईन की," इनास म्हणाली. "पन ह्या तिघींना कोण नेणार? आन पत्ता तर हितलाच पायजे आमाला."

वैजयंती मॅडम घड्याळ पाहत होत्या. "शिबिराच्या मुलींची गाडी निघालीय. ठराव तुमचा, मी काय करू? तो बदलत असाल तर आत्ता बदला, नाहीतर मला कुलूप लावू द्या."

शिबिर पृथ्वीराजचं होतं, शिबिरवाल्यांना शब्दही त्यानेच दिलेला. तो खाली मान घालून उभा राहिला आणि मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात अक्षताने टेबलावरचे हार बाजूला सारले. "बैठक घ्या. आत्ताच्या आत्ता."

मग इनास माझ्यावरून उठली. चादर घडी करून तिने माझ्यावर ठेवली, टेबलाशी गेली आणि पृथ्वीराजच्या समोर उभी राहिली.

"शिबिराच्या पोरी कुटं झोपणार मग?" मागून एक जण कुरकुरला.

"त्यास्नी हॉस्टेल द्या की," इनास म्हणाली. "वरच्या मजल्यावरची एक खोली आमाला ठेवा. आमी चौघी एकीत ऱ्हातो."

पृथ्वीराज तिच्याकडे बघतच राहिला. "एवढंच व्हतं?"

"एवढंच. इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं. पन ह्या सुट्टीपुरतं नको, दादा. दर सुट्टीला पायजे. माझ्यानंतर येतील त्यास्नी पन."

यावर मात्र वाद पेटला. दर सुट्टीला मेस कोण चालवणार, पहारेकरी कोण ठेवणार, आवाज चढत गेले. इनास मागे हटली नाही. अखेर पृथ्वीराजने हात वर केला. त्याच्यामागून अक्षताने आणि मग एकेक करत बाकीच्यांनी. नवा ठराव मंजूर करून घ्यायला सगळे तसेच प्राचार्यांकडे धावले. खोलीत उरले मी आणि त्या बॅगा. मला पाय चार, पण एकही उचलता येत नाही. बाहेर शिबिराची गाडी आल्याचा आवाज झाला, मुली उतरल्या, आणि तरी कुणी परत येईना. माझ्या आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नव्हते.

मग येमेनची मुलगी धावत आली. तिने दोन्ही हातांत बॅगा उचलल्या आणि दारातून समोर दिसणाऱ्या हॉस्टेलच्या जिन्याने वर नेल्या. वर. माझ्या जिवात जीव आला.

कॉलेज उघडल्यावर पहिल्या बैठकीत पृथ्वीराजने सवयीने रुमाल काढून मला पुसलं. इनासने स्टूल ओढलं आणि ती टेबलाशी बसली. मेसच्या वेळेवरून दोघांची अशी जुंपली की अक्षताला मध्ये पडावं लागलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? त्यानंतर माझ्यावर कुणी बसलं नाही.

मित्रांनो, जुन्या लाकडाला तेल लावा, वाळवी लागू देऊ नका, एवढं तर मी मागणारच. पण दुरून कुणी तुमच्यात शिकायला आलं तर त्याला माझ्यावर बसवून मोकळे होऊ नका. त्याला तुमच्या शेजारी जागा द्या, त्याला भांडू द्या, आणि तो हरला तरी त्याचं मत मोजा. मी रिकामी राहीन. मला करमणार नाही, पण मला रिकामीच राहू द्या.