गार बाळाचं सदतीस

श्रावणात मी एक वेळ जेवते आणि खोटं बोलत नाही, लिहीतही नाही. बारा वर्षांचा नेम. लातूरच्या दवाखान्यात मी नवजात बाळांची सिस्टर. तिथंही तो पाळते.

शिरूर अनंतपाळची ती चिमुरडी जन्मताना गुदमरलेली. मेंदू वाचावा म्हणून तिला तीन दिवस गार गादीवर, साडेतेहतीस अंशांवर ठेवलेलं. श्वास यंत्राचा. रक्त तपासणारं मशीन विचारतं, पेशंटचं तापमान किती? डॉक्टर अनिमेष यांनी बजावलेलं, "विमलताई, बाळ कितीही गार असो, तिथं सदतीसच टाका. आकडे एका मापात राहतात."

रविवारी टाकलं. सोमवारी श्रावण लागला; महादेवाला शिवामूठ वाहून आले आणि हात अडला. गार लेकराला सदतीस कसं लिहायचं? मी साडेतेहतीस टाकलं.

कार्बन डायऑक्साइड बेचाळीसवरून छत्तीसवर आला. बाळात काहीच बदललं नव्हतं; गार रक्तात तो वायू जास्त विरघळतो, म्हणून मशीननं हिशेबात आकडा उतरवला होता. डॉक्टरांना वाटलं, यंत्राचे श्वास जास्त होतायत. त्यांनी ते कमी केले.

दुपारी श्रद्धा सिस्टरनं सदतीस टाकून पुन्हा तपासलं. चोपन्न. कमी श्वासांनी वायू साचून रक्तात आम्ल वाढलेलं.

"अचानक कसं? श्वासाची नळी तुंबली असंल, बदलू," डॉक्टर म्हणाले. "ताई, सकाळी काही वेगळं केलं होतं का?"

मी नुसती नकारार्थी मान हलवली. तोंडानं बोलले नाही, म्हणजे खोटं नाही, असं मनाला समजावलं.

नळीचा ट्रे आणायला निघाले, तर दाराशी बाळाची आजी, फरीदाबी.

"सिस्टर, तुमचा बी रोजा हाय म्हनं. उपाशी मानसाची दुवा लागती. माझ्या नातीसाठी मागा की."

मी ट्रे न घेताच परत फिरले.

"सर, नळी काढू नका. सकाळी मी साडेतेहतीस टाकलं होतं. सदतीस खोटं वाटलं मला."

डॉक्टरांनी आधी श्वास पूर्ववत केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि मघाशी मान हलवली, ते?"



संध्याकाळी त्रेचाळीस आलं. रजिस्टरमध्ये माझी चूक माझ्या हातानं लिहून बाहेर आले. फरीदाबीनं दोन खजूर पुढं केले. "रोजा सोडा आता."

मी तिलाही सगळं सांगितलं. तिनं खजूर बाकावर ठेवले आणि नात दिसती का बघायला काचेकडं गेली.

मी ते उचलले नाहीत.