आर्लीनचा बोल्ट

"लांब नळ्या घेतल्यास तर स्टिअरिंगला अडकतील!" गाडीखालून ऑर्विल ओरडला. "आखूड घे. तासाभरात बसतील आणि संध्याकाळी माणसासारखं जेवता येईल."

"काय म्हणतोय?" डेलबर्टने बायकोला विचारलं.

"म्हणतोय, आखूड घे, म्हणजे त्याला वेळेवर जेवायला मिळेल," आर्लीन त्याच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाली. उजव्या कानाशी बोलण्यात अर्थ नव्हता; तो केव्हाच सेवानिवृत्त झाला होता. डाव्यानेही राजीनामा दिला होता. फार तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणाला होता.

डेलबर्ट स्टुकीने ओहायोतल्या आमच्या गावात उभा जन्म सायलेन्सर बसवण्यात घालवला. रविवारी पाद्रीबुवांचं प्रवचन शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू यायचं, ते त्याच्यामुळे. गावातल्या बऱ्याच जणांनी त्याला याबद्दल कधीच क्षमा केली नाही. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या गाडीचा कोणता बोल्ट सैल आहे, हे तो पोर्चमध्ये कॉफी पीत सांगायचा आणि बरोबर निघायचं.

त्याची स्वतःची गाडी मात्र लग्नाच्या आधीपासूनची. एकोणसत्तर सालची शेव्हेल. बॉनेटखाली असं इंजिन की रानरेड्याने दोन पावलं मागे सरावं, आणि आवाज मात्र शिवणयंत्राचा. कारण आर्लीन इस्पितळात रात्रपाळीची नर्स होती. ती दिवसा झोपायची. डेलबर्टने गाडीला एकापुढे एक असे सायलेन्सर लावले होते आणि तरीही ती गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत घरी आणायचा. मी शेजारचाच, ढकलायला पुष्कळदा मीच असायचो.

आता आर्लीनही निवृत्त झाली होती आणि डेलबर्टला एकच इच्छा उरली होती. कान आहे तोवर आपली गाडी खरी कशी बोलते ते एकदा ऐकायचं.

त्यासाठी हेडर हवे होते. मूळच्या इंजिनात दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाचा एकेक ठोकळा असतो. सिलिंडरांचा धूर त्यातून शाळा सुटल्यासारखा ढकलाढकली करत बाहेर पडतो. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वळणदार नळी. आखूड नळ्या निमूट बसतात आणि जेमतेम बोलतात. लांब नळ्या बसताना जीव खातात, पण मग गातात.

"लांबच घे," आर्लीन म्हणाली.

"अगं, अडकतात."

"मग इंजिन उचला. तुम्ही दोन बाप्ये आहात ना? मी एकटीने तुमच्याहून जाड माणसं कुशीवर वळवली आहेत. तीही कुरकुर करायचीच."

लांब आल्या. चकचकीत स्टीलच्या, एकमेकींत गुंतलेल्या, जणू झोपेत कुशीला कूस लावून पडलेल्या चार बहिणी. डेलबर्टबरोबर अख्खी नोकरी केलेल्या ऑर्विलनेही जेवणाची वेळ विसरून बाह्या सारल्या.

स्टार्टर काढला. स्टिअरिंगचा दांडा सोडवला. इंजिनाच्या पोटाखाली ओकची फळी आणि जॅक देऊन ते बोटभर वर उचललं. ऑर्विल खालून ढकलत होता, डेलबर्ट वरून ओढत होता, मी टॉर्च धरून सल्ले देत होतो. अखेर नळ्या जागेवर गेल्या.

राहिला सगळ्यात मागचा बोल्ट. तिथे डेलबर्टचा पंजा जाईना. ऑर्विलच्या हाताबद्दल काय सांगावं? ईस्टरला असं हॅम, म्हणजे डुकराची अख्खी मांडी, कापतात.

"सरका," आर्लीन म्हणाली आणि तिने हातमोजा काढला.

"हां हां, वहिनी!" ऑर्विल किंचाळला. "उघड्या हाताने नको!"

आमच्याकडे नव्या नळ्यांना उघडा हात लावणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारणं. बोटांचा तेलकटपणा पहिल्या तापात धातूत भाजला जातो आणि जन्मभर निघत नाही. जुन्या गाड्यांच्या उन्हाळी प्रदर्शनात लोक टॉर्च घेऊन दुसऱ्यांच्या बॉनेटखाली ठसे शोधतात. सापडले की त्या घराण्यात मुली देताना विचार करतात.

"मोजा घालून मला बोल्ट कळत नाही," आर्लीन म्हणाली. अंधारात शीर शोधणारा तो हात आत गेला. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "धरला."

मग डेलबर्टने स्पिरिटचा बोळा घेऊन नळी अन् नळी पुसली.

"मागचं राहिलं," ऑर्विल म्हणाला. "तिची बोटं लागली तिथलं. डेल! मागचं!"

डेलबर्टला ऐकू आलं नाही. ऑर्विल तर त्याच्या डाव्या, ऐकू येणाऱ्या कानाशी उभा होता.

शनिवारी दुपारी गल्ली घडीच्या खुर्च्या घेऊन जमली. आर्लीनने बटाट्याचं सॅलड केलं होतं. डेलबर्ट काच खाली करून बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

आधी खोकला आला. मग जमीन बोलली. मला दुसरं काही म्हणता येत नाही. आवाज कानात शिरायच्या आधी तळपायांतून वर आला, पोटात थांबला, बरगड्या मोजून पुढे गेला. सॅलडमधला चमचा आपोआप फिरू लागला. तक्रार आली म्हणून शेरीफचा माणूस आला; त्याने टोपी काढली आणि उभाच राहिला. मी आयुष्यभर दिसेल त्याची टिंगल करत आलो. तिथे टिंगलीला जागा सापडेना.

डेलबर्ट डावा कान बाहेर काढून, डोळे मिटून बसला होता. ओठ हलत होते. एकेक सिलिंडर नावानिशी ऐकत असावा. आर्लीन दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होती. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि ओरडला,

"झोपमोड झाली का गं?"

"झाली!" ती ओरडली. "राहू दे!"

नोव्हेंबरात डॉक्टरचा शब्द खरा ठरला; डावा कानही गेला.

हेडरचे बोल्ट तापून सैल होतात आणि सैल बोल्ट टिकटिकतो. पहिल्या बर्फाच्या दिवशी मी कुंपणापाशी फावडं घेऊन उभा होतो. गॅरेजचं दार सताड उघडं होतं, शेव्हेल सुरू होती. आर्लीन बॉनेटवर ओणवी, मान तिरकी, डोळे मिटलेले. रोग्याची छाती तपासताना असायची तशी. डेलबर्ट इंजिनाकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने तिने बोट उचललं आणि सगळ्यात मागे दाखवलं. तिथे स्टीलवर निळसर तपकिरी दोन ठसे होते.

डेलबर्टने किल्ली फिरवून गाडी बंद केली. गल्ली एकदम रिकामी वाटली. नळ्या निवेपर्यंत दोघं पालथ्या बादल्यांवर शेजारी शेजारी बसली, ती त्याच्या डाव्या बाजूला, सवयीने. मग त्याने पाना तिच्यापुढे धरला, आणि आर्लीनने हातमोजा काढून खिशात ठेवला.