करड्या देशातलं सत्तांतर

महामहिमांनी उभ्या आयुष्यात एकच करार घडवून आणला होता, आणि तोही डबाबंद माशांच्या वाहतुकीचा. पण सांगताना असा आव आणायचे, की त्या दिवशी ते जागेवर नसते तर दोन खंड एकमेकांच्या उरावर बसले असते. राजदूत म्हणून निवृत्त झाल्यावर ते आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या एका संस्थेचे संचालक झाले. 'महामहिम' हे नाव त्यांना तिथल्या सहायकाने ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. तोंडावर तो "सर, सर" करत त्यांची बॅग उचलायचा.

सहायक हुशार होता, यात वाद नाही. त्याची सगळ्यात जास्त खात्री त्याला स्वतःलाच होती. प्राध्यापक म्हणजे पोपट, विद्यार्थी म्हणजे बापाच्या जिवावर परदेशी विमानतळांवर फोटो काढत हिंडणारी कार्टी, आणि महामहिम म्हणजे तर विचारूच नका. असं नाक मुरडत त्याने कंत्राटावर वर्षांमागून वर्षं काढली होती. कायम होण्याची वेळ आली की दर खेपेला कुठेतरी माशी शिंकायची. यंदा मात्र महामहिमांनी शब्द दिला होता. "सराव-परिषद झोकात होऊ द्या. पाहुणे खूश होऊन गेले की तुमचं काम झालंच म्हणून समजा."

सकाळी घरातून निघताना बायकोने दारातच अडवलं होतं.

"यंदा नाही ना झालं, तर दादाच्या दुकानात बसायचं. आधीच सांगून ठेवते. मला आता ऐकवत नाही."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, फरश्यांचा व्यापारी. भर पंगतीत "काय जावईबापू, झाली का जगात शांतता?" असं विचारून स्वतःच खो खो हसणारा माणूस. त्याच्या हाताखाली बसून गिऱ्हाइकांना बाथरूमचे रंग दाखवायचे, ही कल्पनाही सहायकाला सहन होत नव्हती.

तर ही सराव-परिषद म्हणजे मोठ्या माणसांची भातुकली. विद्यार्थी देश व्हायचे, लंबगोल टेबलाभोवती कोट घालून बसायचे आणि बटण दाबून माइकमध्ये बोलायचे. देशांना नावं नव्हती, रंग होते. कुठल्या देशाची काय अडचण, त्याने काय मागायचं, काय सोडायचं नाही, हे सगळं सहायक लिहायचा. नियमही त्याचेच. परिषद चालू झाली की तो 'नियंत्रण कक्षात' जाऊन बसायचा आणि तिथून भूकंप, संप, सीमेवरचा गोळीबार असल्या बातम्या सोडायचा. नियंत्रण कक्ष म्हणजे झेरॉक्सची खोली. एक पाय लुळा पडलेली खुर्ची आणि कागदाचे गठ्ठे. पण तिथे बसून जग हलवताना त्याला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

तांबडा आणि निळा हे दोन बलाढ्य देश. तांबड्याचा म्होरक्या विश्वस्तांचा पुतण्या होता, त्याच्या दिमतीला चांगली मोठी फौज. निळ्याकडेही तेवढीच. दोघांच्या मधोमध नकाशावर अंगठ्याएवढा करडा देश, त्याला एक बंदर. तिथे कुणालाच जायचं नव्हतं. शेवटी वर्गात कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली एक मुलगी उरली होती, तिच्या हातात सहायकाने करडी पाटी ठेवली. "तुला फारसं काही करायचं नाहीये," असंही म्हणाला. तेव्हापासून तिला सगळे 'करडी' म्हणू लागले.

चहाच्या वेळेला परराष्ट्र खात्याचे सचिव येणार होते. त्यांच्यासमोर करारावर सह्या, टाळ्या, फोटो, असा बेत. आणि दुपारी घोडं अडलं. तांबड्याने आणि निळ्याने करड्याचं बंदर आपसात वाटून घेतलं, एकमेकांना मिठ्याही मारल्या, आणि करडीने बटण दाबून शांतपणे सांगितलं, "करडा देश सही करणार नाही."

सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय करार नाही, हा नियम होता. "देश लहान-मोठे नसतात, सार्वभौमत्व सगळ्यांचं सारखं," हे महामहिमांचं लाडकं वाक्य. त्यांना खूश करायला सहायकानेच तो नियम घातला होता. आता बसा बोंबलत.

त्याने तिला व्हरांड्यात गाठलं.

"अगं, काय चालवलंयस? सही करून टाक ना."

"सर, माझ्या माहितीपत्रात लिहिलंय, बंदर कुठल्याही परिस्थितीत द्यायचं नाही."

"ते मीच लिहिलंय!"

"हो ना. मग बरोबरच असेल."

सहायकाला ते वाक्य लिहिल्याचं आठवतही नव्हतं. नुसतं वजनदार दिसावं म्हणून खरडलं असेल. ते कुणी मनावर घेईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं, कारण त्या इमारतीत कुणी काही मनावर घ्यायचं नाही. त्याने तिला गोडीत समजावलं. तडजोडीलाच मुत्सद्देगिरी म्हणतात, वगैरे. ती मान डोलवत ऐकत राहिली. शेवटी त्याचा तोल गेला.

"हे बघ, दूतावासात उमेदवारी करायचीय ना तुला? शिफारस कोण देतं तिथली?"

ती जराशी घाबरली. पण विचारायचं ते तिने विचारलंच.

"सर, ही धमकी मला आहे, की करड्या देशाला? म्हणजे देशाला असेल तर मला परिषदेत मांडावी लागेल."

एवढी सरळ मुलगी त्याने त्या संस्थेत पाहिली नव्हती, आणि तिचा त्याला मनस्वी राग आला. हुशार असती तर त्याने तिला खिशात घातलं असतं. हुशार माणसांना काय हवं असतं ते त्याला पाठ होतं.

तेवढ्यात महामहिम तरातरा आले. चेहरा उतरलेला. "पाहुण्यांची गाडी फाटकात आलीय. ती चिमुरडी ऐकत कशी नाही? तुम्हाला परिषद सांभाळता येत नाही असं मी वर सांगू का?"

"सर, सार्वभौमत्व..." सहायक म्हणाला. का म्हणाला, देव जाणे.

"गेलं खड्ड्यात तुमचं सार्वभौमत्व! सह्या पाहिजेत मला."

सहायक झेरॉक्सच्या खोलीत शिरला. त्याला फरश्यांचं दुकान दिसत होतं आणि मेहुण्याचं हसू ऐकू येत होतं. तो लुळ्या खुर्चीवर टेकला, ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं, आणि बातमी देणाऱ्याचा आवाज काढून म्हणाला, "तातडीचं वृत्त. करड्या देशात आज सत्तांतर झालं. जुनं सरकार बरखास्त. नव्या परराष्ट्रमंत्र्यांनी बंदर कराराला पाठिंबा जाहीर केला आहे."

नवा परराष्ट्रमंत्री म्हणून त्याने तांबड्याच्या फौजेतला एक ठोंब्या उचलला. तो सकाळपासून बिस्किटं खाण्यापलीकडे काहीही करत नव्हता. कोटावरचे कण झटकत तो करड्या पाटीमागे जाऊन बसला. करडी उठली. आपली पाण्याची बाटली तेवढी उचलली.

"मी आता कुठे बसू, सर?"

"तू... तुझं सरकार पडलंय. मागे प्रेक्षकांत बस."

ती गेली. ना रडली, ना भांडली. तेच त्याला सोसवेना.

सचिव आत आले, ठोंब्याने सही ठोकली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सत्तांतराची हकीकत ऐकून तर सचिव भलतेच खूश झाले. "वा! अगदी असंच होतं हो बाहेर! कुणाची कल्पना?" महामहिमांनी क्षणभर स्वतःचंच नाव सांगावं की काय असा विचार केला, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी सहायकाला पुढे ओढलं. "आमचे सहायक. म्हणजे, आता कायमचेच आमचे." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या माणसाची तो वर्षानुवर्षं टवाळी करत आला, त्याच्या हाताखाली त्याची मान आपोआप लवली.

शेवटी प्रश्नोत्तरं होती. कुणी काही विचारत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष चहाकडे. मागून एक हात वर झाला.

"माझा प्रश्न नियंत्रण कक्षाला आहे," करडी म्हणाली. माइक नव्हता, म्हणून तिला ओरडून बोलावं लागलं. "करड्या देशात उठाव कोणी केला?"

महामहिमांनी डोळ्यांनीच खुणावलं, द्या उत्तर. सहायकाने घसा खाकरला. "अर्थातच तिथल्या जनतेने. जनतेला करार हवा होता."

"पण सर, त्या देशात मी एकटीच होते."

तांबड्यांच्या बाजूने पहिलं हसू फुटलं. मग निळे हसले. सचिव हसले, सचिव हसले म्हणून महामहिम पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी सहायकाकडे पाहिलं. कायम झालेला सहायक हसला. आतून लाज वाटत होती, तरी हसला, आणि इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच हसला.

करडी उभीच होती. तिला वाटत होतं, हसून झालं की ते उत्तर देतील.